चारचौघांतली मोटार

मोटारीवर कोणी बोलावयास उभे राहिले म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन अपेक्षा असतात. वक्ता शर्यतीच्या मोटारींच्या वेगाचे आकडे सांगून आपले डोळे दिपवील, ही एक. आणि कोणती मोटार घ्यावी याचा फुकट सल्ला देईल, ही दुसरी. पहिली गोष्ट आमच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि दुसरीसाठी आमच्यापेक्षा दुकानदार अधिक उत्सुक असतो. आम्हांला बोलावयाचे आहे ते निराळ्याच मोटारीविषयी. जिच्याकडे रस्त्यावरचा माणूस मान वळवून पाहत नाही, जिचे चित्र मुले भिंतीवर लावीत नाहीत, आणि तरीही जी एकदा घरात आली की दहा-पंधरा वर्षे घरच्या माणसासारखी राहते, त्या चारचौघांतल्या मोटारीविषयी. तिच्यात जीव गुंतावा असे असते तरी काय, हा आमचा प्रश्न आहे.

अशा मोटारीच्या मालकाला "गाडी कशी आहे?" म्हणून विचारून पाहावे. उत्तर ठरलेले असते. "बरी आहे. काही त्रास नाही." मराठी माणूस चांगल्या शेजाऱ्याची स्तुतीही याच शब्दांत करतो. या उत्तरात एक मेख आहे. काय घडले ते त्यात सांगितलेले नसते. काय घडले नाही ते सांगितलेले असते. आईला रात्री दवाखान्यात न्यावयाचे होते तेव्हा ती अडली नाही. मुलीच्या परीक्षेच्या सकाळी ती रुसली नाही. भर पावसात घाटात तिने दगा दिला नाही. न घडलेल्या गोष्टींची कोणी गोष्ट सांगत नाही. त्यामुळे अशा मोटारीचे गुण बोलण्यात येत नाहीत आणि जाहिरातीत तर मुळीच मावत नाहीत. वेगवान मोटार एका फेरफटक्यात कळते. बिनतक्रार मोटार कळावयास पाच पावसाळे जावे लागतात.

उदाहरणावाचून हा विषय हवेत राहील, म्हणून आपल्याच रस्त्यांवरचे उदाहरण घेऊ. जिला आपण अनेक वर्षे नुसते 'फियाट' म्हणत आलो तिचा जन्म इटलीतला. १९५३ सालच्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात तुरिनच्या फियाट कंपनीने '११००-१०३' ही मोटार मांडली. १०३ हा कारखान्यातील आराखड्याचा क्रमांक. ११०० हा एंजिनाच्या चार सिलिंडरांच्या एकूण घनफळाचा ढोबळ आकडा. नेमके घनफळ १०८९ घन सेंटिमीटर होते. इटलीत हिला 'मिलेचेंतो' म्हणत, म्हणजे नुसतेच 'अकराशे'. तिच्यामागे दांते जाकोझा या अभियंत्याचे डोके होते. १९३६ सालची चिमुकली फियाट ५०० याच माणसाची, आणि १९५५ सालची ६००सुद्धा. लहान जागेत माणसे नीट बसवावी कशी, या एका विवंचनेत त्याचे आयुष्य गेले असे म्हटले तरी चालेल.

इकडे मुंबईत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली होती. जहाजे, विमाने, साखर आणि मग मोटारी, असा या गृहस्थांचा खटाटोप. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारी आणि मालमोटारी जोडल्या जाऊ लागल्या. पुढे फियाटशी करार झाला, प्रथम लहानगी ५०० आली, आणि १९५४ पासून अकराशे. याच सुमारास सरकारने धोरण ठरविले की, ज्यांना मोटार इथे केवळ जोडावयाची नसून क्रमाक्रमाने तयारही करावयाची आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्सने १९२८ पासून चालविलेला मुंबईतला जोडणीचा कारखाना १९५४ साली बंद केला तो यामुळेच. राहिल्या मुख्यतः तीन मोटारी. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, जी १९५७ पासून 'अँबॅसडर' झाली, मद्रासची स्टँडर्ड, आणि कुर्ल्याची फियाट.

पहिल्या घाटाच्या फियाटला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. नाकाड पुढे आलेले, पाठ गोलसर. नाव अगदी चपखल होते. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस होत्या. नऊवारी नेसलेल्या बाईला त्यामुळे आत बसणे सोपे जाई. मात्र चालत्या गाडीत ते दार चुकून उघडले तर वाऱ्याने ते मिटण्याऐवजी सताड उघडे. १९६४ साली 'डिलाइट' आली तेव्हा दारे सरळ झाली आणि घाटही चौकोनी झाला. फियाटशी करार संपल्यावर हीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचे नाव मिळूनही लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इटलीत हा घाट १९६० नंतरच्या दशकातच मागे पडला. कुर्ल्यात तो २००० सालच्या सुमारापर्यंत निघत होता. म्हणजे आजोबांनी घेतलेली आणि नातवाने शिकलेली मोटार मुळात एकच, असे कित्येक घरांत घडले.

आता तिच्या अंगी काय होते ते पाहू. लांबी चार मीटरांहून थोडी कमी, रुंदी दीड मीटरांच्या आत, उंची साधारण दीड मीटर. रुंदीपेक्षा उंची कमी नाही, हे ध्यानात ठेवावे. कारण त्यातच पुष्कळसे मर्म आहे. छत उंच असल्यामुळे बसणाऱ्याला पाय पुढे पसरावे लागत नाहीत, खुर्चीवर बसावे तसे बसता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून मोटारीत उतरावे लागत नाही आणि निघताना वर चढावेही लागत नाही. कमरेच्या उंचीवर बैठक असते, तिच्यावर टेकावे आणि पाय आत घ्यावेत. पुढची बैठक एकसंध बाकासारखी. गिअरची दांडी जमिनीतून न येता स्टिअरिंगच्या खांबालाच लावलेली होती, त्यामुळे पुढे मध्ये एक मूल आरामात मावे. ही सोय काही कोणा कवीला सुचलेली नाही. घरात माणसे पाच-सहा आणि मोटार एक, हा हिशेब इटलीत आणि आपल्याकडे सारखाच होता.

आणखी एक बारीकशी वस्तू सांगतो. पुढच्या दाराच्या काचेपुढे एक लहान तिकोनी काच असे, स्वतःभोवती फिरणारी. ती थोडी तिरकी केली की धावत्या गाडीचा वारा थेट आत वळे. पूर्ण फिरविली की वाऱ्याचा झोत अंगावरच येई. वीज नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखे काही नाही. चैत्रातल्या दुपारी पुणे-सोलापूर रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना त्या काचेची किंमत आम्ही सांगावयास नको. आज वातानुकूलन आले आणि ती काच गेली; त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तिच्याइतक्या थोडक्यात एवढे काम करणारी दुसरी वस्तू मोटारीत आम्हांला आठवत नाही.

बॉनेट उघडले म्हणजे आत जे दिसे ते ओळखीचे होई. पेट्रोलचे एंजिन चालण्यास मूलतः तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, ते दाबून धरण्याची सोय आणि नेमक्या क्षणी ठिणगी. शिवाय एंजिन तापून जाऊ नये म्हणून पाणी. फियाटच्या बॉनेटखाली या प्रत्येक कामाला वेगळे भांडे होते आणि ते हाताने दाखविता येई. हवा आणि पेट्रोल मिसळणारा तो कार्ब्युरेटर, टाकीतून पेट्रोल ओढणारा तो पंप, ठिणगी चौघांना पाळीपाळीने वाटणारा तो डिस्ट्रिब्यूटर, आणि पुढे पाण्याचा रेडिएटर.

यामुळे मोटार बंद पडली तर मालकाला विचार करता येई. समजा, सकाळी गाडी सुरू होत नाही. आधी हॉर्न वाजवून पाहावयाचा. तो घसा बसल्यासारखा बोलला तर दोष बॅटरीचा. गल्लीतल्या चार मुलांना हाक मारून धक्का द्यावा. हॉर्न खणखणीत असेल तर बॅटरीला मोकळे सोडावयाचे. मग एका प्लगची वायर काढून तिचे टोक एंजिनाच्या धातूजवळ धरावयाचे आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावयाची. निळी ठिणगी पडली तर विजेकडील बाजू निर्दोष. न पडली तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आतले पॉइंट पाहावयाचे. ते काळे पडलेले असत. पॉलिश-पेपरचा तुकडा दोनदा फिरविला की काम भागे. ठिणगी ठीक असेल तर कार्ब्युरेटरची नळी सोडून पेट्रोल येते की नाही ते पाहावयाचे. निम्मे निम्मे वगळीत कारणापर्यंत पोचावयाचे, अशी ही पद्धत. न्यायशास्त्र शिकण्यास पूर्वी काशीला जावे लागे. आपल्याकडे अनेक कारकून आणि शाळामास्तर ते रविवारी सकाळी अंगणात शिकले.

घाटातला प्रसंग याहून बोधप्रद आहे. बोरघाटाची चढण एप्रिल-मेच्या उन्हात चढताना मोटार खालच्या गिअरमध्ये असते. मेहनत जास्त आणि वेग कमी. वेग कमी म्हणून रेडिएटरला पुढून वारा कमी मिळतो, आणि नेमकी त्याच वेळी उष्णता सर्वांत जास्त निर्माण होते. पाणी उकळे ते त्यामुळे. पण कधी कधी पाणी ठीक असूनही एंजिन आचके देऊन बंद पडे. हा दोष पंपाचा नव्हे, पेट्रोलच्या स्वभावाचा. पंप एंजिनालाच बसविलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पातळ पदार्थ ढकलण्यासाठी केलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. ती नुसतीच दबते आणि फुगते. यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवून स्वस्थ बसणे. म्हणून शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास मोटारी उभ्या, बॉनेटे उघडी, आणि माणसे फडकी भिजवीत आहेत, असा देखावा उन्हाळ्यात नेहमीचा होता. तेवढ्या वेळात डब्यातल्या दशम्या निघत. ज्याला कारण ठाऊक असे तो स्वस्थ बसे. ज्याला ठाऊक नसे तो मोटारीला आणि कंपनीला शिव्या देई. मोटार दोघांचीही सारख्याच वेळाने सुरू होई.

इथवर ऐकून कोणी म्हणेल की, हे सारे म्हाताऱ्यांचे स्मरणरंजन झाले. आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्ही आणखी कडक करून मांडतो. त्या मोटारीवर लोकांचे प्रेम होते असे आपण म्हणतो खरे. पण ते प्रेम स्वखुशीचे होते काय? बाजारात दोन-तीन मोटारी, त्यांच्या वाटपावर आणि किमतीवर सरकारचे नियंत्रण, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे, आणि नवी मोटार हाती येताच ती अधिक दामाला घेण्यास माणूस दारात उभा. मोटारीचा दर्जा सुधारण्याची कारखानदाराला निकड अशी नव्हतीच, कारण गिऱ्हाईक कुठे जाणार? स्टिअरिंगच्या खांबावरच्या गिअरचे सांधे झिजले की दांडी मध्येच अडकून बसे, आणि भर चौकात खाली उतरून बॉनेट उघडून तिला मोकळे करावे लागे. हे अनेक वर्षे असेच चालले. दुसरी वाट नसताना जडलेल्या लोभाला प्रेम म्हणावे की सवय, हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

याचे उत्तर १९८३ साली मिळू लागले. त्या वर्षीच्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली. सिलिंडर तीनच, घनफळ ७९६ घन सेंटिमीटर, एंजिनाचा जोर पुढच्या चाकांना, आणि वजनाने इतकी हलकी की, जुने लोक तिला पत्र्याचा डबा म्हणून हसले. हसणे फार दिवस टिकले नाही. लोकांना मोकळेपणी निवड करावयास मिळताच त्यांनी फियाट सोडली, हे खरे. पण त्यांनी घेतले काय ते पाहावे. त्यांनी काही वेगवान, दिमाखदार मोटार घेतली नाही. त्यांनी पुन्हा चारचौघांतलीच मोटार घेतली. पेट्रोल कमी पिणारी, चालविण्यास हलकी, सकाळी पहिल्या किल्लीला सुरू होणारी. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले तोपर्यंत भारतात पंचवीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या. आम्हांला यावरून असे वाटते की, लोकांचा लोभ फियाट या विशिष्ट यंत्रावर नव्हता. तिच्यात जे गुण त्यांना अनुभवास आले होते त्यांवर होता. तेच गुण अधिक प्रमाणात दुसरीकडे दिसताच लोक तिकडे गेले. यात कृतघ्नता काही नाही.

जुन्या मोटारीची बाजू घेताना आणखी एक गोष्ट लपविता येत नाही. दुरुस्त करता येणे आणि दुरुस्त करावी लागणे, यांत फरक आहे. फियाटचे पॉइंट साफ करता येत हे खरे. पण ते काळे पडत म्हणून साफ करावे लागत. आजच्या साध्यातल्या साध्या मोटारीत पॉइंट नाहीत, चोक नाही, कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, हे एक लहानसा संगणक दर क्षणी ठरवितो. ती क्वचितच अडते. अडली म्हणजे मात्र मालकाने बॉनेट उघडून उपयोग नाही; मिस्त्री एक यंत्र आणून गाडीला जोडतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. बिनतक्रारपणा वाढला आणि ओळख कमी झाली, असा हा सौदा आहे. आम्ही तो मान्य केला आहे, बहुतेकांनी केला आहे. पण सौद्यात आपण काय दिले ते माहीत असावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर जुन्या मोटारीची वकिली करूच नये. पुढच्या बाकावर मध्ये मूल बसे, असे आम्ही मघाशी मोठ्या कौतुकाने सांगितले. ते मूल कशानेही बांधलेले नव्हते. समोर पत्र्याचा कठीण फळा, स्टिअरिंगचा खांब ताठ, चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम-ब्रेक. धूर किती विषारी याचाही विचार त्या काळात नव्हता. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींत चालकाबरोबर शेजारच्यासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती फार उशिरा झाली एवढेच म्हणता येईल. जुनी मोटार जड पत्र्याची म्हणून सुरक्षित, हा समज अजून पुष्कळांच्या बोलण्यात येतो. तो चुकीचा आहे. टक्कर झाली म्हणजे मोटारीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळला पाहिजे, म्हणजे धक्का त्यात जिरतो. जो पत्रा चुरगळत नाही तो धक्का आतल्या माणसाकडे पोचवितो.

मग फियाटचे असे काय उरले की, मारुती येऊन पंधरा-वीस वर्षे झाली तरी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी फियाटच राहिली? घरच्या मालकाने ती सोडली, पण टॅक्सीवाल्याने सोडली नाही. टॅक्सीवाल्याचा हिशेब भावनेचा नसतो. त्याला रोज संध्याकाळी किती शिल्लक राहिले एवढे पाहावयाचे असते. एक म्हणजे तिच्या छतावर कॅरिअर टाकून सामान लादता येई. बॉम्बे सेंट्रलला उतरलेल्या कुटुंबाचे ट्रंक-वळकट्यांसकट एका खेपेत काम होई. दुसरे, सुटा भाग दर कोपऱ्यावर मिळे आणि तो बसविणारा मिस्त्रीही तिथेच, त्यामुळे गाडी अर्धा दिवस उभी राही, आठवडा नव्हे. टॅक्सीचा उभा राहिलेला दिवस हा बुडालेला दिवस. पुढे त्याच जुन्या गाड्या सीएनजीवरही चालविल्या गेल्या. मुंबईत अशा टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, ताडदेवच्या आर.टी.ओ.त शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदविली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. म्हणून २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून कायद्यानेच उतरली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून तिचे फोटो आले, लोकांनी शेजारी उभे राहून स्वतःची छायाचित्रे काढून घेतली. तिच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या धंद्यात तिच्याकडे इतके पाहिले गेले नसेल.

मोटार आखावी कशी, याचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. ते इथे उपयोगी पडेल. सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बूलांजे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या अभियंत्यांना एक काम दिले. खेड्यातल्या शेतकऱ्याला परवडेल अशी मोटार करा. तिच्यात माणसे आणि वर पन्नास किलो बटाटे मावले पाहिजेत, ती ताशी साठ किलोमीटर गेली तरी पुष्कळ झाले, पेट्रोल शंभर किलोमीटरला तीन लिटर लागावे, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत. दिसते कशी, हा मुद्दा यादीत फार खाली होता. मध्यंतरी महायुद्ध आले, आणि ती मोटार १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. वर्तमानपत्रांनी टर उडविली. ती पुढे १९९० सालापर्यंत विकली गेली. या यादीत आम्हांला आवडते ते असे की, तिच्यात मोटारीविषयी जवळजवळ काहीच नाही. माणसे, बटाटे, अंडी आणि शेत आहे. आधी संसार मोजला, मग त्याच्याभोवती पत्रा बेतला.

आपल्याकडे आज याच्या उलट चालले आहे असे आमचे मत आहे, आणि हा विषय घेण्याचे खरे कारणही तेच. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक उंच आणि दांडग्या बांध्याच्या असतात. त्या सगळ्या काही डोंगरदऱ्यांत जात नाहीत. बहुतेक भाजी आणावयास जातात. यात कायद्याची एक गंमत आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या, लहान एंजिनाच्या मोटारींना उत्पादन-शुल्कात सवलत मिळाली. पुढे जीएसटीच्या काळातही चार मीटरांची रेघ कायम राहिली. हेतू असा की, लहान मोटारी वाढाव्यात. कारखानदारांनी लांबी रेघेच्या आत ठेविली आणि मोटार आडवी व उंच वाढविली. चार मीटरांच्या आतल्या कित्येक मोटारी आज पावणेदोन मीटरांहून अधिक रुंद आहेत. जुन्या फियाटशी तुलना केली तर लांबी जवळजवळ तेवढीच, रुंदी मात्र वीतभराहून जास्त. आपल्या पेठांतल्या आणि आळ्यांतल्या रस्त्यांची रुंदी कोणी वाढविलेली नाही. समोरासमोर दोन मोटारी आल्या म्हणजे त्या दोन विती कुठून तरी काढाव्या लागतात, आणि त्या पायी चालणाऱ्याच्या वाट्यातून निघतात. उंच बॉनेटमुळे अगदी पुढ्यातले लहान मूल चालकाला दिसणे कठीण जाते, ही गोष्ट तर वेगळीच.

उंच मोटारीत बसले म्हणजे रस्ता लांबवर दिसतो, खड्डे जाणवत नाहीत, असे लोक सांगतात. खड्ड्यांचे म्हणणे खोटे नाही. आपले रस्ते पाहता ते कारण आम्हांला नाइलाजाने मान्य आहे. पण लांबवर दिसते ते शेजारची मोटार बुटकी असेपर्यंतच. सर्वांनीच उंच मोटारी घेतल्या की पुन्हा कोणालाच काही दिसत नाही, सभेत पुढची रांग उभी राहिली म्हणजे होते तसे.

कोणती मोटार घ्यावी हे सांगणार नाही, असे आम्ही आरंभी म्हटले आणि त्या शब्दाला जागणार आहोत. ती पाहावी कशी, एवढे मात्र सांगता येईल. मोटार पाहावयास दुकानात जाताना घरातले सर्वांत वडील माणूस आणि सर्वांत लहान मूल बरोबर न्यावे. चालकाच्या जागी शेवटी बसावे. आधी मागचे दार उघडून वडील माणसाला आत बसावयास आणि पुन्हा उतरावयास सांगावे, आणि उतरताना त्यांचा हात कुठे आधार शोधतो ते पाहावे. मुलाला मागे बसवून त्याला खिडकीतून बाहेरचे दिसते का ते विचारावे. पुष्कळ नव्या मोटारींत मागची काच इतकी लहान असते की मुलाला पुढच्या बैठकीची पाठच दिसते. डिकीत आपली नेहमीची मोठी पिशवी प्रत्यक्ष ठेवून पाहावी. टायरची किंमत विचारावी, पुढच्या दिव्याची किंमत विचारावी, आणि हे दोन्ही गावात मिळतात की मागवावे लागतात तेही विचारावे. आपल्या गल्लीची रुंदी घरून निघतानाच टेपने मोजून, कागदावर लिहून न्यावी. विक्रेता मुलगा एव्हाना पडद्यावरची गाणी लावून दाखवीत असेल. त्याला दोन मिनिटे थांबावयास सांगावे, कारण आजी अजून उतरत असते.